आई-बाबा, होळी पेटवून रात्रीची गाडी धरा

अंधेरी, मुंबई
२७ फेब्रुवारी २०२३

ती. आई-बाबांना सा. न.

काल इंडियन सुपर लीग फुटबॉलच्या साखळी मॅचेस संपल्या. रात्री फोनवर बाबा म्हणाले, "शिल्ड ठीक आहे, पण कप आणला तर खरं." मला तेव्हा काही बोलता आलं नाही, आणि फोन ठेवल्यावर झोपही लागेना. म्हणून लिहायला बसले.

बाबा, फायनल जिंकून मिळणारा कप मलाही हवाच आहे. पण लीगमध्ये पहिलं येऊन आपल्या मुंबई सिटीने मिळवलेल्या शिल्डला नुसतं 'ठीक' म्हणू नका हो. २० मॅच, त्यातल्या १४ जिंकल्या, ४ बरोबरीत, हरलो फक्त २. ४६ गुण आणि ५४ गोल. ऑक्टोबरात हैदराबादला ३-३ ने सुरुवात झाली, तिथून सलग १८ मॅच आपल्या मुंबई सिटीला कुणालाच हरवता आलं नाही. चेन्नईत तर ०-२ ने मागे होतो, तिथून ६-२ ने जिंकलो. ८ जानेवारीला केरळा ब्लास्टर्स इथे आले, तेही सलग आठ मॅच न हरता. मी स्टँडमध्ये होते. चौथ्याच मिनिटाला दिआझचा गोल, मग स्टुअर्ट, मग बिपिन, परत दिआझ. २२व्या मिनिटाला ४-०! शेजारच्या काकूंनी पहिल्या गोलला माझा हात धरला होता, तो हाफटाइमलाच सोडला. त्यांची-माझी ओळखदेखील नव्हती.

आणि ११ फेब्रुवारीचा शनिवार विसरलात का? मी भुसावळला आले होते. अंगणात पऱ्हाट्यांवर बामणोदची वांगी भाजत होतात आणि टीव्ही खिडकीकडे फिरवून ठेवला होता. फातोर्ड्यात गोव्याला ५-३ ने हरवलं आणि दोन मॅच शिल्लक असतानाच शिल्ड आपली झाली. तेव्हा तुमच्या हातात अर्धं सोललेलं वांगं होतं, बोटं काळी झाली होती आणि त्याच हातांनी तुम्ही डोळे पुसलेत. आईला म्हणालात, धूर गेला. जेवायला बसलात तरी गालावर काजळीचा पट्टा तसाच होता. ते मी पाहिलंय बाबा. म्हणून कालचं 'ठीक आहे' मनाला लागलं.

तुमची काळजी कशाची आहे तेही मला कळतं. त्यानंतर चारच दिवसांनी बेंगळुरूत १-२ ने हरलो, आणि १९ तारखेला घरच्या मैदानावर ईस्ट बंगालकडून ०-१. त्या दिवशीही मी स्टँडमध्ये होते. त्यांचा गोल झाल्यावर इतकी शांतता पसरली की मैदानातल्या खेळाडूंच्या हाका वरपर्यंत ऐकू येत होत्या. लोको शेडच्या टीममध्ये तुम्ही स्टॉपर होतात, गोलसमोर बचाव करणारे. दर रविवारी मला सायकलच्या दांडीवर बसवून रेल्वेच्या मैदानावर न्यायचात आणि सांगायचात, आपला गोल झाला की सगळे पुढे धावतात, स्टॉपरने मात्र आधी मागे बघायचं. शिल्ड हातात आल्यावर आपल्या पोरांनी नेमकं तेच केलं नाही, असं मला वाटतं. कोच डेस बकिंगहॅम हे त्यांना नक्कीच सुनावतील.

पहिल्या दोघांत असल्यामुळे आपण थेट सेमीफायनलला आहोत. ३ मार्चला बेंगळुरू आणि केरळा खेळतील, त्यातला जो जिंकेल तो आपल्यासमोर. खरं सांगू? मला केरळा हवेत. बेंगळुरूने सप्टेंबरात ड्युरँड कपच्या फायनललाही आपल्याला हरवलं होतं आणि सध्या ते एकापाठोपाठ एक मॅच जिंकत सुटलेत. तुम्ही म्हणाल, ज्याने पाडलं त्यालाच गाठायचं असतं. ते मला पटतं, पण छातीत धडधडतं त्याचं काय करू? २०२१ मध्ये बिपिनने ९०व्या मिनिटाला गोल करून शिल्डपाठोपाठ कपही मिळवून दिला होता, तेव्हा करोनामुळे स्टेडियम रिकामं होतं. आपण घरात बसून ओरडलो होतो. या वेळी मला तुमच्या शेजारी उभं राहून ओरडायचंय.

तर आता मुद्द्याचं. सेमीफायनलची पहिली मॅच ७ मार्चला इथेच, अंधेरीत आहे. त्या दिवशी धुळवड. ६ तारखेला होळी पेटवून, नैवेद्य दाखवून रात्रीची गाडी धरा. बाबा, रेल्वेचा पास आजच काढायला टाका आणि खालचा बर्थ मागा. मी दादरला उतरवून घेते. गुडघ्याची काळजी करू नका, मेट्रोचं आझाद नगर स्टेशन मैदानाजवळच आहे आणि मी खालच्या रांगेतल्या जागा बघतेय.

आई, तुला आवडतो तो मिझोरामचा छांगते उजव्या बाजूने पळतो, त्याच बाजूची तिकिटं काढते. तू फक्त खापरावरचे मांडे घेऊन ये, डब्यात घडी करून. बिबडे संपलेत, तेही थोडे आण.

पास मिळाला की लगेच फोन करा. तिकिटं मी उद्याच काढते.

तुमची,
ताई