उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंतीही तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरातल्या राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क भागांतल्या उंच इमारतींच्या रस्त्याकडच्या भिंती ठरावीक वर्षांनी जवळून तपासण्याची सक्ती महापालिकेने करावी. माझा जन्म बांधकामावर देखरेख करण्यात गेला, म्हणून हे लिहितो आहे.

इमारतीला ३० वर्षे झाली की मालकाने स्ट्रक्चरल ऑडिट करून स्थैर्य प्रमाणपत्र द्यावे, असा कायदा आहे. पण बाहेरचा गिलावा, चिकटवलेल्या टाइल्स, एसीचे लोखंडी अँगल ३० वर्षे दम धरत नाहीत. २०२० मध्ये उभ्या राहिलेल्या इमारतीची पाळी २०५० ला येणार. तोवर आपल्याकडचे तीस पावसाळे तिने सोसायचे. केसाएवढ्या भेगेतून पाणी आत जाते, सळई गंजते, गंजून फुगते आणि वरचे काँक्रीट ढकलून देते. रंगकाम निघाले की भेगेत पुट्टी भरून वर रंग मारतात. आतला पोकळ गिलावा तसाच राहतो! खाली उभे राहून फोटो काढल्याने तो सापडत नाही. गच्चीवरून दोरांनी सोडलेल्या पाळण्यातून उतरत हातोडीने ठोकावे लागते. पक्का गिलावा खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द वाजतो. कोणताही जुना गवंडी हे सांगेल.

गेल्या पावसाळ्यात एका व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावरून टाइल निखळून खाली लावलेल्या मोटरसायकलवर पडली. टाकी चेपली. शाळा सुटायची वेळ होती. वॉचमनने तुकडे झाडून कोपऱ्यात लोटले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी वडापावची गाडी लागली. मी गाळ्यांत चौकशी केली. बिल्डर कधीच मोकळा झालेला, सोसायटी नोंदलेली नाही, गाळेवाले भाडेकरू. जबाबदार कुणीच नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली इमारतीचा तुकडा पडून फुटपाथवरून चाललेली एक कॉलेज विद्यार्थिनी गेली. पुढच्याच वर्षी तिथे सहा मजल्यांवरच्या इमारतींची दर पाच वर्षांनी तपासणी सक्तीची झाली. आधी फक्त रस्त्याकडची बाजू, १९९८ पासून सगळ्या बाजू. भिंत धोकादायक ठरली की फुटपाथवर ताबडतोब संरक्षक छत घालावे लागते. सिंगापूरने २०२२ पासून २० वर्षांहून जुन्या, १३ मीटरपेक्षा उंच इमारतींना दर सात वर्षांनी तपासणी लावली आहे. आपल्या पावसाचा जोर बघता पाच वर्षेच योग्य, असे माझे मत आहे.

न्यूयॉर्कच्या काही मालकांनी मात्र छत घातले आणि दुरुस्ती वर्षानुवर्षे लांबवली. म्हणून आपल्या नियमात दुरुस्तीची मुदतही लिहिलेली असावी. मुदत टळली किंवा मालकच पुढे आला नाही, तर महापालिकेने काम करून घ्यावे आणि खर्च घरफाळ्यातून वसूल करावा.

– एक निवृत्त साइट सुपरवायझर, राजारामपुरी, कोल्हापूर