ऑपरेशन योजनेत, धडधड योजनेबाहेर? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

परवा मोबाइलवर मेसेज आला, माझी तक्रार निकाली काढली म्हणून. कारण विचारलं तर कळलं, पैसे भरल्याची पावती मी जोडलेली नाही. साहेब, हॉस्पिटलने योजनेतल्या उपचाराचे पैसे घेतले आणि पावती दिली नाही, हीच तर माझी तक्रार होती! अर्ज कुणी वाचला तरी का?

मी नाशिकचा रिक्षावाला. द्वारका ते सातपूर रिक्षा चालवून दोन पोरं शिकवली. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. अन्ननलिकेचा बराचसा भाग काढला, जठराची नळी करून ती छातीत वर ओढून जोडली. सर्जन डॉक्टरांबद्दल माझा एक शब्द वाकडा नाही. त्यांनी जीव वाचवला. पण स्वरयंत्राची नस दुखावली आणि आवाज गेला. बोलायला गेलो की नुसती हवा निघते. बिलाच्या खिडकीवर भांडता येत नाही म्हणून हे पत्र.

ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांनी रात्री छातीत एकदम फडफड सुरू झाली. मॉनिटरवर आकडा १५०, मग १६०, आणि रेष वाटेल तशी वाकडीतिकडी. घाम फुटला, दम लागला. नाकात नळी, बरगड्यांमध्ये नळी, पोटात नळी; उठून बसायचीही सोय नाही. सिस्टर पळत आल्या, ईसीजी काढला, पोटॅशियम-मॅग्नेशियम हे क्षार तपासायला रक्त नेलं, ठोके ताळ्यावर आणणाऱ्या एमिओडॅरोन या औषधाची ड्रिप लावली. आणि त्याच वेळी बाहेर माझ्या पोराला कुणीतरी सांगत होतं, 'हे हार्टचं वेगळं आहे, योजनेत बसत नाही, पैसे जमा करा.' बायकोने गळ्यातलं गहाण ठेवलं. चाळीस हजारांच्या वर गेले. कागद म्हणून एक चिठ्ठी, तिच्यावर ना शिक्का ना सही.

वेगळं कसं? दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीच समजावलं. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला अगदी पाठीमागून चिकटून जाते. तिथे एवढी कापाकापी झाली, सूज आली, क्षार खालीवर झाले की हृदयाची लय बिघडते. या ऑपरेशननंतर साधारण पाच-सहा रुग्णांमागे एकाला हे होतं. कधी कधी ही धडधड म्हणजे आतला जोड गळतोय किंवा न्यूमोनिया होतोय याची पहिली खूण असते, म्हणून माझं सीटी स्कॅनही केलं. म्हणजे सगळ्या डॉक्टरांना माहीत असलेली, अपेक्षित अशी ही गुंतागुंत आहे. पॅकेजमध्ये ऑपरेशननंतरची गुंतागुंत धरलेली असते, हे तुमच्याच योजनेच्या माहितीत आहे. मग त्या रात्री पैसे कुठल्या नियमाने घेतले? हॉस्पिटलात योजनेच्या मदतीसाठी बसवलेल्या आरोग्यमित्राला विचारलं, तो म्हणाला, हॉस्पिटलशी बोला. हॉस्पिटल म्हणालं, आरोग्यमित्राशी बोला.

आणि घरी सोडल्यावर? योजनेतली औषधं १० दिवसांची. ठोके ताब्यात ठेवायची गोळी आणि गुठळी होऊन पक्षाघात होऊ नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी मात्र कितीतरी आठवडे चालते. थायरॉइड तपासा, ईसीजी काढा, सगळं खिशातून. एका वेळी चार घासांवर जेवण जात नाही, जास्त गेलं तर घाम सुटून चक्कर येते. आडवं झोपलो तर आंबट पाणी घशाशी येतं, म्हणून रात्र अर्धी बसून काढतो. वजन एवढं उतरलंय की ओळखीचे लोक दचकतात. रिक्षा दारात उभी आणि हप्ता चालूच. या अंगाने मी कुठे कुठे पावती शोधत फिरू?

२०२३ मध्ये सरकारने योजनेतल्या उपचारांची मर्यादा दीड लाखावरून पाच लाख केली, चौकाचौकात फलक लागले. त्या पाच लाखांतले चाळीस हजार मला त्या रात्री का मिळाले नाहीत, एवढं सांगा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी बजेटच्या आठ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावा असं लिहिलंय, तेही २०२० पर्यंत. महाराष्ट्र त्याच्या जवळपास तरी पोचला का? राज्यातल्या डॉक्टरांना पदवी देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्या म्हसरूळला, आणि आमचे कॅन्सरचे पेशंट अजून पहाटेची गाडी धरून कसारा उतरून परळला जातात. २०२७ च्या कुंभमेळ्यासाठी हजारो कोटींच्या गोष्टी चालल्यात. होऊ द्या, आम्हालाही गोदाघाट प्यारा आहे. पण मग गरिबाच्या गोळ्यांची वेळ आली की तिजोरीत खडखडाट कसा? गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे म्हणतात. माझ्या रिक्षा स्टँडवर कुठल्याही टपरीवर मागा, पुडी हातात पडते. तंबाखूने घसे सडवायचे आणि घसा कापल्यावर पावती मागायची, असा कारभार चाललाय तुमचा.

माझी तक्रार पुन्हा उघडा. पावती माझ्याकडे मागू नका, त्या रात्रीचे केसपेपर आणि औषधांच्या नोंदी हॉस्पिटलकडून मागवा. एमिओडॅरोन कधी लावलं ते त्यात लिहिलेलं असणारच. असं ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला हृदयाची औषधं आणि तपासणी १० दिवस नव्हे, डॉक्टर सांगतील तोवर योजनेतून मिळायला हवी, आणि तीही नाशिकमध्येच. उत्तर लेखी द्या. मेसेज नको. फोनही नको, मला बोलता येत नाही.

आपला,
एक रिक्षाचालक, नाशिक