कोयत्याबरोबर गेलेले मूल कोणत्या शाळेचे?

संपादक महोदय,

दसऱ्यानंतर बीड, जालना, परभणी, धाराशिव आणि अहिल्यानगरच्या पाथर्डी-शेवगाव पट्ट्यातून ऊसतोड टोळ्या निघू लागतात. दिवाळी आटोपली की पाटोदा, शिरूर कासार, धारूरकडच्या वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसे तेवढी उरतात. या सुमारास दर वर्षी स्थलांतरित मुलांच्या शिक्षणाची चर्चा होते आणि ‘आईबापांनाच शिक्षणाचे महत्त्व नाही’ या वाक्यापाशी येऊन थांबते. हे वाक्य अन्यायाचे आहे. उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) घेतलेले जोडपे, म्हणजे एक कोयता, मुलाला हौसेने बरोबर नेत नाही. आणि नेलेले मूल तिकडच्या शाळेत का टिकत नाही, याचे उत्तर आईबापांपेक्षा शाळेच्या हजेरीपटात जास्त सापडते.

शिक्षकांची पदे ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरतात. टोळ्या निघतात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. मूल मोजले जाते एका शाळेत आणि निम्मे वर्ष असते दुसऱ्या गावात. सांगली-साताऱ्याकडच्या एखाद्या दोनशिक्षकी शाळेचा पट ४८ आहे असे धरा. शेजारच्या ऊसतोड तळावरची २७ मुले आली की तो ७५ होतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन आणि ६१ ते ९० पर्यंत तीन शिक्षक हवेत. तिसरा शिक्षक मिळत नाही, कारण मोजणीच्या दिवशी ती २७ मुले तिथे नव्हती. मुख्याध्यापकांची टाळाटाळ इथून सुरू होते. मूळ गावात नेमके उलटे असते: कागदावर वर्ग भरलेला, प्रत्यक्षात बाकांवर चार डोकी, आणि नाव कमी केले तर पुढे पद जाईल ही धास्ती.

मग हजेरीपटाचे शेवटचे पान असे दिसते. वर शाईने लिहिलेली नावे, खाली एक आडवी रेघ, रेघेखाली पेन्सिलीने लिहिलेली सात-आठ नावे. त्यांच्यापुढे जन्मतारीख नाही, स्टुडंट आयडी नाही. ‘सरल’ या राज्याच्या विद्यार्थी-नोंदणी पोर्टलवर एक मूल दोन शाळांत दाखवता येत नाही, म्हणून ते इथे ‘बसायला’ येते. पाठ्यपुस्तके जूनमध्येच वाटून झालेली. पोषण आहाराचा तांदूळ पहिली ते पाचवीला दर मुलामागे रोज १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५०. मागणी जुन्या पटावर गेली असेल तर वाढणारी बाई प्रत्येक ताटात हात आखडता घेते, आणि गावातली मुले घरी जाऊन सांगतात की तळावरच्यांमुळे भात कमी पडला.

मुलांना हे सगळे कळते. त्यांना नावाने हाक कमीच. ‘बीडवाले’, ‘तळावरची पोरं’, ‘कोयत्याची पोरं’. एप्रिलमध्ये गावी परतावे तर तिथला वर्ग पुढे निघून गेलेला. ‘तुझी शाळा कोणती?’ असे विचारले की दुसरीतले पोर खाली बघते. हेच पोर कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या पावतीचा आकडा बापाला बिनचूक वाचून दाखवते.

कायद्यात पळवाट नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ९ स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकते. कलम ५ सांगते की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही; कलम १४ वयाच्या पुराव्याबद्दल तेच सांगते. आपल्या राज्यात त्यापुढे जाऊन शिक्षण हमी पत्रक आहे. मूळ शाळेने ते भरून द्यायचे, नव्या शाळेने त्यावर लगेच बसवून घ्यायचे आणि परतताना प्रगतीची नोंद करून परत द्यायचे. कल्पना उत्तम आहे. ती अडते तीन जागी. टोळीची गाडी अनेकदा रात्री-अपरात्री येते आणि पत्रक शाळेच्या कपाटातच राहते. दिले तरी ते भांड्याकुंड्यांच्या बोचक्यात जाते आणि कोपीच्या, म्हणजे तळावरच्या झोपडीच्या, ओलीत भिजते. आणि त्यावर नुसते कारखान्याचे नाव असते. एका कारखान्याचे कार्यक्षेत्र कित्येक गावांत पसरलेले; मूल शोधायचे कुठे?

याला उपाय आहे आणि तो महाग नाही. कारखान्याचा शेतकी विभाग वाहतूकदाराशी किंवा टोळी जमवणाऱ्या मुकादमाशी तोडणीचा करार करतो. कोणती टोळी कारखान्याच्या कोणत्या गटात (विभागात), आज कोणाच्या फडात, हे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला रोज ठाऊक असते. साखरेच्या प्रत्येक पोत्याचा हिशेब लागतो, तिथे मुलांचा लागणार नाही असे कसे म्हणावे? पत्रकावर मुकादमाचे नाव, मोबाइल आणि गट हे तीन रकाने वाढवावेत. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी कारखान्याकडून टोळ्यांची यादी दर पंधरवड्याला घ्यावी. पत्रकाचा फोटो मूळ शाळेच्या शिक्षकाने नव्या शाळेच्या शिक्षकाला थेट पाठवावा. त्यात ‘इयत्ता तिसरी’ एवढेच नको. जोडाक्षरे वाचता येतात का, हातच्याची वजाबाकी येते का, हे दोन ओळींत असावे. नाहीतर नव्या गुरुजींचा पहिला महिना अंदाज घेण्यातच जातो.

सगळ्या टोळ्यांना एकच उपाय लागू पडत नाही, हे मात्र आदेश काढणाऱ्यांनी समजून घ्यायला हवे. बैलगाडीवाल्यांचा तळ, म्हणजे गाडी सेंटर, बहुधा कारखान्याजवळ हंगामभर एका जागी असतो. तिथली मुले जवळच्या शाळेत नीट शिकू शकतात. ट्रॅक्टरवरच्या टोळ्या ऊस संपला की मुक्काम हलवतात. तिथल्या मुलाला शाळा बदलत फिरवण्यापेक्षा मूळ गावातले हंगामी वसतिगृह बरे. पण त्यासाठी वसतिगृह टोळ्या निघण्याआधी चालू हवे. गाळप कधी सुरू होणार हे मंत्री समिती आधी ठरवते. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, केंद्रप्रमुखांची पडताळणी आणि जिल्ह्याची मंजुरी सप्टेंबरअखेर उरकली नाही, तर डिसेंबरात मंजूर झालेल्या वसतिगृहात ज्यांच्यासाठी ते काढले ती मुले नसतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे ठरली, त्यांचे स्वागतच आहे; पण पहिली-दुसरीतले मूल आजीजवळच झोपेल आणि शाळेत दोन वेळ जेवेल, अशी गावातली सोय त्याला जास्त मानवते.

पदांसाठी आमची मागणी एकच: १५ जानेवारीला दुसरी पटमोजणी करा आणि तो पट तात्पुरत्या पदांना, तांदळाला आणि पुस्तकांना लागू करा. ज्या शाळा रिकाम्या पडतात तिथल्या शिक्षकांना हंगामापुरती मुलांच्या मागे प्रतिनियुक्ती द्या. जिल्हा परिषदेचा शिक्षक जिल्ह्याच्या आस्थापनेवर असतो, त्यामुळे हे जिल्ह्याच्या पातळीवर होणार नाही. राज्याचा आदेश लागेल. ओळखीचे गुरुजी किंवा बाई समोर दिसल्या तर त्या रेघेखालच्या मुलाला केवढा धीर येईल!

नंदुरबारच्या भिल्ल, पावरा कुटुंबांची गोष्ट आणखी अवघड. ती गुजरातेत बारडोलीकडे ऊस तोडायला जातात. घरी एक बोली, गावच्या शाळेत मराठी, तिकडे गुजराती. कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांना निपाणी-बेळगाव भागात सरकारी मराठी शाळा तरी मिळू शकतात. सीमेपलीकडे ‘सरल’ चालत नाही. तिथे युडायस प्लस या केंद्राच्या शालेय पोर्टलवरचा, देशभर एकच असलेला विद्यार्थ्याचा पेन क्रमांक पत्रकावर लिहिलेला हवा.

आणि मुली. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला वसतिगृहात ठेवत नाहीत, कारण पहाटे चारला आई फडात गेली की तान्ह्याला तीच सांभाळते. ती शाळेत आलीच तर भावंडाला कडेवर घेऊन येते. त्या बाळासकट तिला वर्गात बसू द्यावे, आणि प्रत्येक गाडी सेंटरवर पहाटेपासून उघडणारे पाळणाघर कारखान्याने चालवावे. कोप्या उभ्या राहतात त्याच आठवड्यात ते सुरू झाले पाहिजे.

आपले,
स्थलांतरित मुलांना शिकवणारे काही प्राथमिक शिक्षक