ताऱ्यांखालचं पीठ

वसई, ८ डिसेंबर

प्रिय फिलू,

ईस्टरपासून तुला एक ओळ लिहिलेली नाही. कारणं सांगत बसत नाही, तुला खरी वाटायची नाहीत. तब्येत बरी, गुडघा तसाच, बायची साखर गोळ्यांवर. आता मुद्द्याचं.

ताऱ्यांना भुंगा लागलाय. गेल्या नाताळात आपण पॅलेटच्या आणि खोक्याच्या फळ्या चिरून केले आणि घरोघरी वाटले, त्याच लाकडी ताऱ्यांना.

पोटमाळ्यावरून नमुन्याचा तारा काढला, तर खालच्या वर्तमानपत्रावर चिमूटभर पीठ. रवाळ नाही, टाल्कमसारखं. चिमटीत चोळलं तरी काही टोचत नाही. एका पट्टीला चार भोकं, दीड-दोन मिमीची. वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. हा तोच, रबरवुडचा, म्हणजे रबराच्या झाडाच्या लाकडाचा. हं, म्हण एकदाचं, ‘मी सांगितलं होतं’. म्हणालास? चल पुढे.

आपलं भांडण आठव. मी पॅलेटवरचा (माल ठेवायच्या लाकडी पाटावरचा) शिक्का नाचवत होतो, गव्हाची लोंबी, आयएन म्हणजे भारत, एचटी म्हणजे तापवलेलं. गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं लाकूड, त्यात काय जगणार? तू म्हणालास, आतलं मेलं, पण उद्या बाहेरून येणाऱ्याला कोण अडवतंय? बरोबर होतास. त्यात माझं शहाणपण असं, की शिक्का फक्त पाइनच्या पॅलेटवर होता. खोक्याच्या पिवळट, रबरवुडच्या फळ्यांवर काहीच नव्हतं. एमबी दिसलं असतं तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं लाकूड म्हणून आपण हातही लावला नसता. काहीच नाही म्हणजे चालेल, हा माझा हिशोब.

पण पॉलिशच्या बाबतीत मी बरोबर होतो, ते आज कबूल कर. तुला सगळं रांगडं हवं, लाकूड उघडं हवं, वर जवसाच्या तेलाचा एक हात पुरे. मादी अंडी घालते ती लाकडाच्या उघड्या छिद्रांत. लाखेच्या पॉलिशचे दोन-तीन हात बसले असते तर छिद्रं बुजली असती. तेलाने रंग खुलतो, छिद्रं उघडीच राहतात. म्हणजे अर्धा दोष तुझा. (त्या तेलाचे बोळे अजून गोळा करून कोपऱ्यात टाकतोस का? आपोआप तापून पेट घेतात रे, पसरून वाळव.)

झोप उडालीय ती चाळीस ताऱ्यांमुळे. पाइनवाल्यांची काळजी नाही. पाइनच्या लाकडाला तसली छिद्रंच नसतात, हा किडा तिकडे फिरकत नाही. रबरवुडमध्ये स्टार्च भरपूर, म्हणजे त्याचं जेवणाचं ताटच. आणि आपण दोन्ही ढीग एकत्र करून पट्ट्या चिरल्या. लोकांच्या घरी सागाचं सामान आहे. सागाच्या गाभ्याला हा तोंड लावत नाही, पण पांढऱ्या कडेला लावतो. मोठ्या मावशीच्या कपाटाच्या मागच्या फळ्या तुला ठाऊक आहेत, गाभा कमी आणि कडच जास्त. तिने तो तारा कपाटाच्या डोक्यावरच ठेवला असणार. वर्षभर.

ओळखायचं कसं, ते काल दिवसभर करून बघितलं. पट्टीचं टोक धारदार पात्याने तिरकं तासायचं, थोडं ओलं करायचं आणि भिंगातून बघायचं. बारीक टोचल्यासारखी छिद्रं दिसली तर रबरवुड; नुसत्या वाढीच्या गडद-फिक्या रेघा आणि राळेचा वास असेल तर पाइन. नुसत्या रंगावर जायचं नाही, वर्षभराच्या धुळीने दोन्ही सारखेच दिसतात. किडा चालू आहे की जुनी भोकं आहेत, हे बघायला तारा काळ्या कागदावर आपटायचा, जागा खुणावायची आणि आठवड्याने परत बघायचं. ताजं पीठ पांढरं-पिवळट असतं. पण आठवडा आहे कुणाकडे?

मारायचा उपाय फ्रीजर. तारा जाड प्लास्टिकमध्ये हवा काढून बंद करायचा, उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवायचा, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही. लाकूड खोलीइतकं कोमट होईपर्यंत थांबायचं, नाहीतर दव धरतं आणि पट्ट्या वाकतात. एवढे तारे मावणारा फ्रीजर पाचूबंदरला तुझ्या व्याह्यांकडेच. नाताळात घरोघरी ताऱ्याला बोंबिलाचा वास येईल, आला तर येऊ दे, येशूचे पहिले शिष्य कोळीच होते.

बोरॅक्सचं तू सुचवशील म्हणून आधीच सांगतो. लिटरभर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स, ४० ग्रॅम बोरिक ॲसिड, दोनदा ब्रश. पण ते वरच्या थरातच मुरतं, आत पोखरत बसलेल्या अळीपर्यंत पोचत नाही. आणि तेल लावलेल्या लाकडात तेवढंही मुरत नाही. म्हणजे ते नव्या, कोऱ्या पट्ट्यांना. जुन्यांना फ्रीजर, नाहीतर चूल.

यंदाचे तारे नुसत्या पाइनचे. माप बदललंय, ते लिहून घे. १८-२० मिमी जाड फळीच्या कडेवरून ६ मिमीच्या पट्ट्या चिरल्या. पात्याने खाल्लेले ३ मिमी धरून ९० मिमी रुंद फळीत दहा निघतात, गाठीवाल्या टाकल्या की सहा-सात हाती. ६ च्या वर जाडी नको, विणताना तडकते. लांबी ६० सेंमी, दोन्ही टोकांपासून २ सेंमीवर ५ मिमीचं भोक, म्हणजे भोकांमध्ये ५६. प्रत्येक भोकापासून २१.४ सेंमीवर खूण, मध्ये उरतात १३.२. अशा पाच पट्ट्यांची टोकं नट-बोल्टने सैल जोडायची, एक वर एक खाली अशा पट्ट्या विणायच्या, खुणेवर खूण बसली की तारा आपोआप सरळ, मगच नट आवळायचे. गुण्या नको, कोनमापक नको. गेल्या वर्षी आपण अंदाजाने जोडत होतो म्हणून ते सगळे लंगडे.

फळ्या सब्बलीने उचकटायच्या नाहीत, पिळाचे खिळे असतात, टोकं फाटतात. फळी आणि ठोकळ्याच्या फटीत हॅक्सॉ ब्लेड घालून खिळा कापायचा, मग मागून ठोकून डोकं बाहेर. पट्ट्यांच्या फुलीवर चुका, म्हणजे बारीक खिळे, मारायच्या तर आधी १ मिमीचं ड्रिल. मी गेल्या वर्षी तशाच मारल्या. चुकाच त्या.

सुरूच्या चकत्या मात्र फसल्या. लाकूड परिघाच्या दिशेने जास्त आकसतं, मध्याच्या दिशेने कमी, म्हणून गोल चकतीला सालीपासून गाभ्यापर्यंत चीर पडतेच. आता फांदी तिरकी कापून लंबगोल चकत्या केल्यात, कागदी पिशवीत, सावलीत. रोज स्वयंपाकाच्या काट्यावर वजन, ते उतरायचं थांबलं की वाळल्या. पावसाळ्यात तोडलेल्या फांदीची साल सुटून आली, ती चर्चमधल्या नाताळच्या गोठ्याच्या छपराला घातली. फादर खूश.

तुझी थोरली पास झाली ना? तिला माझा आशीर्वाद. शेड बांधलीस म्हणे, आत ओल येत नाही ना? वहिनींना नमस्कार. तुझा तारा मी पाठवत नाही. सालीचा तुकडा किंवा एक भोक दिसलं तरी तुमचे मेलबर्नचे तपासनीस पार्सल अडकवून ठेवतील, आणि यावेळी चूक त्यांची नसेल.

आता कामाचं. ताऱ्यांच्या पाठीवर तू पेन्सिलने आकडे घातलेस, आणि कुठला आकडा कुठल्या ढिगातला, कुणाच्या घरी गेला, ती यादी तुझ्या निळ्या वहीत आहे. आज ८ तारीख. फ्रीजरचे दोन आठवडे धरले तर २२ उजाडते. वही सापडली की त्या पानाचा फोटो लगेच पाठव, रात्रीचे कितीही वाजलेले असोत. मावशीकडे मी यादीची वाट न बघता उद्या सकाळीच जातोय.

तुझा,
पास्कू

ता. क. खोक्याच्या राहिलेल्या फळ्या मी जाळल्या. तू ठेवलेली ती एक लांब फळीसुद्धा. आता भांड.