कसाऱ्याची मालगाडी पाहण्याजोगी

महोदय,
कसाऱ्याला थांबलेली लांबलचक मालगाडी म्हटली की प्रवाशांच्या कपाळावर आठी उमटते. पण ती तिथे उगाच रखडलेली नसते. पुढचा थळ घाट १:३७ चढणीचा आहे, म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर चढ. म्हणून जवाहरलाल नेहरू बंदराकडून (जेएनपीटी) येणाऱ्या कंटेनरच्या गाडीला इथे मागून ढकलणारी बँकर इंजिने लावतात, ती इगतपुरीला सुटतात. इंजिन रांगत मागच्या डब्याला टेकते, कपलिंग खटकन बसते, त्याचा हादरा डब्याडब्यांतून पुढे जातो. सांधेवाला आत वाकून ब्रेकची नळी जोडतो. भर पावसात, मध्यरात्रीही! या माणसांचे कौतुक कुणी करताना दिसत नाही, याचे फार वाईट वाटते.

१८६५ साली सुरू झालेल्या या घाटमार्गावर हे काम रोज चालते. ते पाहता यावे म्हणून कसारा स्थानकाच्या पादचारी पुलावर सुरक्षित कठडा आणि बँकरची माहिती देणारा मराठी फलक रेल्वेने लावावा. शाळांनी मुलांना जरूर न्यावे. रुळांत मात्र कुणीही उतरू नये.

– एक वाचक, शहापूर