ॲडमिनची टिक

पुणे
रविवार, सकाळ

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

नव्या कंपनीत रेडमाइनचा, म्हणजे प्रोजेक्टांची कामं आणि तक्रारी तिकिटांवर नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, कारभार तुझ्या गळ्यात पडल्याचं फोनवर कळलं. तू म्हणालास, "पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच ॲडमिन करून टाकतो, म्हणजे दर पाच मिनिटांनी कुणी माझ्याकडे येणार नाही." तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. असं करू नकोस, सुहास. मी केलं होतं, आणि त्याचे परिणाम भोगले ते माझ्याबरोबरच्या माणसांनी.

आमच्याकडे 38 खाती होती आणि त्यातल्या 11 जणांना ॲडमिनची टिक, म्हणजे सगळे अधिकार देणारी खूण. कुणाला प्रोजेक्टमध्ये माणूस जोडायचा होता, कुणाला व्हर्जन, म्हणजे प्रोजेक्टचा पुढचा टप्पा, उघडायचं होतं. मागितलं की मी टिक देत गेलो. एका दुपारी नव्या टीम लीडला त्याच्या फॉर्मवरचं 'ग्राहक तक्रार क्रमांक' हे कस्टम फील्ड, म्हणजे आम्हीच जोडलेला रकाना, नको झालं. प्रोजेक्टच्या सेटिंग्जमधून ते काढता येईना, कारण ते सगळ्या प्रोजेक्टांसाठी लावलेलं होतं. मग तो ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला आणि त्याने फील्डच डिलीट केलं. त्याला वाटलं, आपल्यापुरतं गेलं. पण रेडमाइनमध्ये कस्टम फील्ड पुसलं की त्यात भरलेली माहितीही पुसली जाते, सगळ्या प्रोजेक्टांतल्या सगळ्या तिकिटांवरची. परत आणायला कचरापेटी वगैरे काही नाही.

पावणेचारला सपोर्टमधून फोन आला, की एकाही तिकिटावर तक्रार क्रमांक दिसत नाहीये. मी कारण शोधायला बसलो तोच तो मुलगा स्वतः उठून माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "सर, मी केलंय." त्याच्या त्या प्रामाणिकपणाचं मोल मला आजही वाटतं. तो बोलला नसता तर कुणी पुसलं ते सहज कळलं नसतं, कारण तिकिटावरच्या बदलांसारखी ॲडमिनच्या कामांची नोंद रेडमाइन आपणहून ठेवत नाही. पहाटे दोनचा बॅकअप होता म्हणून वाचलो. तो दुसऱ्या मशीनवर चढवला, तिथल्या 'कस्टम व्हॅल्यूज' टेबलातून जुने आकडे काढले. फील्ड नव्याने बनवल्यामुळे त्याचा आयडी बदलला होता, तो जुळवून आकडे परत भरले. पहाटेनंतर आलेल्या तक्रारी बॅकअपमध्ये नव्हत्याच. त्या त्याने ईमेल उघडून एकेक करून टाकल्या, रात्री नऊपर्यंत बसून. चूक माझी होती. मी त्याला नको ती किल्ली दिली होती.

म्हणून तुला कळकळीने सांगतो, आधी ॲडमिन आणि रोल यांतला फरक मनात पक्का कर. रोल म्हणजे परवानग्यांचा संच, आणि तो प्रोजेक्टपुरता असतो. तोच माणूस एका प्रोजेक्टात मॅनेजर आणि दुसऱ्यात नुसता रिपोर्टर असू शकतो. ॲडमिन मात्र खात्यावरची एक टिक आहे, आणि ती असली की परवानगी तपासलीच जात नाही. खाजगी प्रोजेक्टसुद्धा त्या माणसाला उघडे. तुझ्या लोकांना जे हवं असतं त्यातलं बहुतेक 'रोल्स अँड परमिशन्स'मध्येच भागतं. माणसं जोडायची आहेत? मॅनेजर रोलला 'मॅनेज मेंबर्स' दे, आणि त्याला कोणकोणते रोल वाटता येतील तेही तिथेच बांधून टाक. व्हर्जन, विकी, कॅटेगरी, प्रत्येकाची परवानगी वेगळी आहे. 'परमिशन्स रिपोर्ट' उघडलास तर सगळे रोल एका तक्त्यात शेजारी शेजारी दिसतात. तो तक्ता छापून घे आणि पेन घेऊन बस. स्क्रीनवर नजर निसटते.

ज्याला त्याला कामापुरतेच अधिकार द्यावेत, हे संगणक-सुरक्षेचे अभ्यासक सॉल्टझर आणि श्रोडर यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय. मला ते पटायला ती दुपार यावी लागली.

टिक काढायचं काम मात्र ईमेलवर उरकू नकोस. मी प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन बसलो. आमच्या एका ज्येष्ठ मॅनेजरसाहेबांना ते फार लागलं. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं त्यांनी विचारलं. मी त्यांना म्हटलं, रोज काय काय करता ते माझ्यासमोर करून दाखवा. त्यांनी चार गोष्टी दाखवल्या. चारही मी त्यांच्या रोलमध्ये घातल्या, टिक काढली आणि त्यांनाच पुन्हा करून बघायला लावल्या. सगळं चाललं. मग त्यांनी स्वतः चहा मागवला.

ॲडमिन दोन ठेव. एकच ठेवलास तर तो आजारी पडला की काम अडलं. शिवाय स्वतःची टिक स्वतःला काढता येत नाही, ती दुसऱ्या ॲडमिननेच काढावी लागते. रोजच्या कामाला तुझं साधं खातं वापर आणि ॲडमिनचं वेगळं ठेव. कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'सूडो मोड' चालू कर, म्हणजे खाती किंवा रोल बदलताना पासवर्ड पुन्हा विचारला जाईल. आवृत्ती 4.2 किंवा पुढची असेल तर दोन्ही ॲडमिन खात्यांना टू-फॅक्टर लाव, म्हणजे पासवर्डबरोबर एक कोडही विचारला जाईल. आणि बॅकअप नुसता घेऊ नकोस, एकदा दुसऱ्या मशीनवर चढवून बघ.

तुमच्याकडे आत्ता कुणाकुणाला टिक आहे आणि ते रोज काय करतात, एवढं मला लिहून पाठव. नावं नकोत, कामं लिही. पुढच्या रविवारी फोनवर बसून दोघं मिळून रोल आखू.

वहिनींना नमस्कार, छोटीला खूप खूप आशीर्वाद.

तुझा,
अविनाश