गाडीच्या नव्या खिडक्यांविषयी आई-बाबांस

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचे जुलैचे तिकीट निघाल्यापासून १९८७ सालच्या गाडीत रात्र काढायची म्हणजे नेमके काय, असे बाबा प्रत्येक फोनवर विचारतात. आईचा प्रश्न त्याहून रास्त आहे, की बंद डब्यात तिला झोप कशी लागणार. दोन्हींचे उत्तर खिडक्यांत आहे आणि ते फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आपली गाडी म्हणजे फोक्सवॅगनची वॅनागन, वेस्टफालिया कंपनीने आत ओटा, शेगडी आणि पलंग बसवून तयार केलेली. तिला दोन सरकत्या खिडक्या आहेत. एक ओट्याच्या वर आणि दुसरी बाजूच्या सरकत्या दारात. बाबा, आपल्या घरच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांना खालच्या पट्टीत पाणी जायला भोके असतात आणि ती धुळीने बुजली की पावसाळ्यात पट्टी तुडुंब भरते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. इथेही तेच झाले होते. काच ज्या लवदार पट्टीतून सरकते ती झिजून गेली होती, त्यामुळे चालत्या गाडीत काच खडखडत असे. साठलेले पाणी बाहेरचा मार्ग न मिळाल्याने रबराच्या मागे उतरत असे आणि मिनेसोटात हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात त्या मिठाची त्याला साथ मिळत असे.

फक्त काच बदलून भागेल का, हे आधी पाहिले. परंतु गाडीच्या बाजूच्या काचा तापवून कडक केलेल्या असतात आणि एकदा कडक केलेली काच पुन्हा कापता येत नाही. कापू गेल्यास तिचे बारीक दाणे होतात. शिवाय जुनी चौकटही कोपऱ्यांत सैल झाली होती. या गाडीचे शौकीन अजून बरेच असल्याने तिच्या खिडक्या चौकटीसकट नव्या मिळतात, म्हणून मी त्याच मागवल्या.

जुने रबर सोडवल्यावर खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पत्र्याचे पापुद्रे निघाले. कोणीतरी पूर्वी गळती थांबवण्यासाठी तिथे सिलिकॉन भरून ठेवले होते. बसवताना व्हिनेगरसारखा वास येतो त्या जातीच्या सिलिकॉनमधून ॲसिटिक आम्ल सुटते आणि ते उघड्या पत्र्याला गंजवते. वर त्यावर रंगही धरत नाही. अशी डागडुजी करणाऱ्यापेक्षा गळकी खिडकी तशीच सोडणारा परवडला, असे माझे मत झाले. ते सगळे खरवडून, तारेच्या ब्रशने गंज काढून, फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावले, मग इपॉक्सी प्रायमर आणि रंग दिला, आणि रंग पुरता वाळेपर्यंत खिडकीच्या जागी प्लास्टिक चिकटवून ठेवले.

खिडकी बसवण्याची युक्ती मात्र बाबांना फार आवडेल. नवे रबर आधी चौकटीभोवती चढवायचे आणि त्याच्या आतल्या खाचेत बारीक दोरी सगळीकडून फिरवून तिची दोन्ही टोके खाली मध्यभागी आत लोंबू द्यायची. मग रबराला साबणाचे पाणी लावून खिडकी बाहेरून भोकाला टेकवायची, एकाने बाहेरून तळहातांनी दाबत राहायचे आणि दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढायची. दोरी जसजशी सुटते तसतशी रबराची आतली कड पत्र्यावरून उलटून आत येते. बाहेर शेजारीण होती, आत मी. शेवटचा कोपरा पुन्हापुन्हा निसटत होता, पण एकदा कड बसली की कोणत्याही चिकट मसाल्याशिवाय खिडकी पाण्याला दाद देत नाही.

आता जाळी. जुलैत इथल्या सरोवरांकाठी डास अक्षरशः घोंगावतात आणि त्यांच्याहून बारीक चावरी चिलटे नेहमीच्या जाळीतून सहज आत येतात. बाजारातली साधी जाळी इंचाला १८ बाय १६ घरांची असते. मी २० बाय २० ची फायबरग्लासची घेतली. वारा किंचित कमी येतो, पण रात्रभर अंग खाजवण्यापेक्षा ते बरे. जाळी चौकटीवर पसरून कडेच्या खाचेत रबरी दोरी छोट्या चाकाने दाबत न्यायची असते. फार ताणली तर चौकट मध्येच आत वाकते, म्हणून मी ती फक्त सुरकुती निघेल इतकीच ओढली आहे.

आई, रात्री दोन्ही खिडक्या चार-चार बोटे उघड्या ठेवायच्या, म्हणजे समोरासमोर वारा खेळेल आणि श्वासांच्या वाफेने काचांवर पाणीही धरणार नाही. सकाळी चहा ठेवताना आधी ओट्यावरची खिडकी पुरती सरकवायची आणि मगच गॅस पेटवायचा. एवढ्याशा जागेत बंद खिडक्यांनी शेगडी जाळली तर कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो. त्या वायूची सूचना देणारे यंत्र पलंगाजवळ लावले आहे, तरी हा नियम मोडायचा नाही.

उचलत्या छताच्या कापडातली जाळी एका बाजूला उसवली आहे. वर मीच झोपणार असल्याने तिची घाई नव्हती, परंतु चिलटे वरून खालीही उतरतील, म्हणून तुम्ही येण्याआधी तीही शिवून घेते.

तुमची,
मधुरा